गोळीचा पंडुम

पेल्यात गोळी टाकली की आधी काहीच होत नसे. मग तळातून बारीक बुडबुडे निघत, पाणी सुरसुरू लागे आणि बघता बघता सगळा पेला संत्र्याच्या रंगाचा होई. रंजीता तो पेला कानाशी धरून ऐकत बसे. वाळल्या पानांवरून कोणी तरी हलक्या पावलांनी आपल्याकडे येतंय, असं तिला वाटे.

तिची आई मंगली फटफटायच्या आधीच टोपली घेऊन मोहाची फुलं वेचायला जात असे. ती वळणाआड गेली की रंजीता घरामागच्या कुंपणाशी जाऊन बसे. सगळ्या गावावर, कोयरटोल्यावर मोहाचा गोड, जड वास पसरलेला असे. ती पेला रिकामा करी आणि डोळे मिटून घेई. ते पाणी गळ्यातून उतरतंय, खांद्यांवरून हातात जातंय, मग परत फिरून गालांकडे चढतंय, असं तिला आतल्या आत दिसे. कोणी दिवा घेऊन एकेका घरात जावं तसं ते पाणी तिच्या अंगात फिरे. डोळे उघडल्यावर हात होता तसाच असायचा. मग ती स्वतःची समजूत घाली, की पाण्याला अजून बरंच चालायचं आहे.

आता कोणी म्हणेल, अहेरीत औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या पोरीला एवढी अक्कल नसावी? अक्कल होती हो. पण कळतं आणि वळत नाही अशी गत शिकलेल्यांचीही होते, आणि रंजीतावर तर वेळ तशीच आली होती. पंडुमाच्या, म्हणजे नव्या आंब्याच्या सणाच्या दिवशी दिनेश येणार होता.

दिनेश म्हणजे तिच्या आश्रमशाळेतल्या मैत्रिणीचा, सुकरीचा भाऊ. तो तेलंगणात धान कापायच्या मशीनवर ड्रायव्हर होता. सुकरीच्या फोनवरून एकदा बोलणं झालं, मग सुकरी मधून गळाली आणि बोलणं तेवढं उरलं. वर्ष झालं होतं. तो शेताच्या बांधावर बसून बोलायचा, ती अहेरीहून येणाऱ्या जीपमधून उतरून घरापर्यंतच्या पायवाटेवर. दोघांनी एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे तिचे फोटो होते, आणि घोडं अडलं होतं ते तिथेच.

फोन नवा होता. फोटो काढला की तो आपणहून चेहरा पुसल्यासारखा करी. नाकाच्या बाजूची सावली जाई, कपाळ चमके, आणि तेंदूच्या लाकडासारखी काळीभोर रंजीता त्यात मोहाच्या फुलासारखी पिवळसर गोरी दिसे. पहिला फोटो पाठवताना तिच्या मनात पाल चुकचुकली होती. त्यावर दिनेशचा निरोप आला, "तुझा फोटो पाह्यला का खोलीत उजेड पडते." तेव्हापासून ती दुसरे, खऱ्या रंगाचे फोटो पाठवूच शकली नाही. खोटं ती बोलली नव्हती, फोन बोलला होता, तिनं फक्त त्याला थांबवलं नाही. दुरून डोंगर साजरे, हे त्या बिचाऱ्या दिनेशला कोणी सांगायचं?

दुकानात काचेच्या कपाटात वरच्या फळीवर त्या गोळ्यांच्या बाटल्या होत्या. बाटलीवर 'ग्लुटाथायोन' असं जिभेची परीक्षा पाहणारं नाव आणि एका बाईचा अर्धा चेहरा. दुकानाचे मालक सुनिलभाऊ भले गृहस्थ होते, पण गिऱ्हाइकासमोर मालाची निंदा करतील इतके काही भोळे नव्हते. "लोक म्हणतात फरक पडते," एवढंच ते सांगत. कोणते लोक, ते सांगत नसत.

दर बुधवारी चंद्रपूरहून कातडीच्या डॉक्टर सत्यशीला मॅडम येत आणि दुकानामागच्या खोलीत बसत. एका बुधवारी पेशंट कमी होते. रंजीता पाण्याचा ग्लास ठेवायचं निमित्त करून आत गेली आणि तिनं विचारलंच. "मॅडम, त्या उजळाच्या गोळ्या खऱ्या असतात का?"

मॅडमनी चष्मा काढला. त्या स्वतः सावळ्या होत्या, आणि हा प्रश्न त्यांना काही नवा नव्हता. "काही छोटे अभ्यास झाले आहेत. काहींत थोडा फरक दिसला, काहींत दिसला नाही. जो दिसला, तो गोळी बंद केल्यावर ओसरला. तोंडानं घेतलेलं कातडीपर्यंत किती पोचतं, हे अजून कोणाला पक्कं माहीत नाही. उन्हापासून जपलं, नीट जेवलं, झोप घेतली तर चेहरा तसाही तजेलदार दिसतो. लोक श्रेय गोळीला देतात. जन्माचा रंग आहे तो आहे." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कोणासाठी विचारून राहिलीस?"

"गिऱ्हाईक होतं एक," रंजीता म्हणाली.

त्या सगळ्या बोलण्यातून तिनं दोनच गोष्टी उचलल्या. काहींत थोडा फरक दिसला, ही एक. उन्हापासून जपायचं, ही दुसरी. बाकीचं तिनं ऐकलं आणि तिथंच खोलीत ठेवून आली. माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं, आणि बाविसाव्या वर्षी तर त्याहून कमी. संध्याकाळी तिनं बाटली घेतली.

त्या दिवसापासून ती पूर्ण बाह्यांचं पोलकं, हातमोजे आणि डोक्या-तोंडाला गच्च दुपट्टा बांधून जीपमध्ये बसू लागली. बाहेर चैत्र तापला होता. सागांची पानं गळून रान उघडं पडलं होतं, आणि उघड्या रानातून ऊन सरळ अंगावर येत होतं. जीपमधल्या बाया विचारत, "तब्येत बरी नाई का व?" ती दुपट्ट्यातूनच मान हलवी.

दुपारी दुकानात सामसूम असायची. पंखा कुरकुरत फिरे आणि रंजीताला काउंटरवर डोकं ठेवून डुलकी लागे. एकदा तिला स्वप्न पडलं. ती रानातून घरी चालली होती आणि खरंच उजळ झाली होती. इतकी, की झाडांच्या खोडांवर तिचा उजेड पडत होता. वाटेवर मोहाचा सडा होता, पण पायाखाली एकही फूल चुरडत नव्हतं. रानातली पाखरं ती जवळ आली की गप्प होत. गावाच्या तोंडाशी कुत्री भुंकली. तिनं त्यांना नावानं हाका मारल्या, तरी ती भुंकतच राहिली. दारात मंगली उभी होती. तिनं पाव्हण्यांना देतात तसं लोटाभर पाणी पुढं केलं आणि अदबीनं विचारलं, "कोनाच्या इथी आल्या बाई तुमी?"

रंजीता दचकून जागी झाली. आईनं आपल्याला 'तुमी' म्हटलं, याचं तिला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पण त्या पाण्याच्या खाली आनंदही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. स्वप्नात का होईना, ती उजळली होती.

मग एका सकाळी तिच्या दोन्ही दंडांवर, पाठीवर, गळ्याखाली बारीक लाल पुरळ उठलं. वैशाखाच्या तोंडावर हातमोजे घालून हिंडलं तर दुसरं काय होणार? घामोळंच ते. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथं तर अंगभर खवखवत होतं. ती पाठ खाजवत असताना मंगली मोहाची टोपली घेऊन परत आली आणि कुंपणाशी ठेवलेली बाटली तिच्या नजरेस पडली.

"हे काय व?"

"ताकदीची गोळी हाये."

"ताकदीची गोळी चोरून कायले खाते? आन अंगावर काय आलं हे?"

मंगलीनं बाटली उघडून हुंगली. "नवं खाल्लं तूनं," ती हळूच म्हणाली. "देवाले न दाखवता खाल्लं."

आता हे नीट समजून घ्यायला हवं. कोयरटोल्यात कोणतंही नवं फळ, नवं धान्य आधी देवाला, पेनाला दाखवायचं आणि मगच तोंडात घालायचं, असा रिवाज आहे. त्यालाच पंडुम म्हणतात. आंबे झाडावर लगडले तरी आंब्याचा पंडुम होईपर्यंत शेंबडं पोरही कैरीला दात लावत नाही. चोरून खाल्लं तर अंगावर उठतं, रानात अस्वल आडवं येतं. मंगलीच्या डोळ्यांसमोर पोरीचं अंग लाल झालं होतं. तिला यापेक्षा आणखी कोणता पुरावा लागणार?

"कायची गोळी हाये? खरं सांग."

"रंग उजळाची," रंजीता म्हणाली. "दिनेश येणार हाये ना माय. त्यानं फोटोत मले गोरी पाह्यलं."

मंगलीनं आपला हात पुढं धरला आणि शेजारी लेकीचा धरला. दोन्ही हात एकाच झाडाच्या दोन फांद्या होत्या. ती बराच वेळ ते पाहत राहिली.

"माझा रंग तुले खराब वाटते का?"

"तसं नाई माय," रंजीता म्हणाली, पण ते तिनं जमिनीकडे पाहून म्हटलं. मंगलीनं बाटली पदरात बांधली आणि मोह वाळत घालायला अंगणात गेली. त्या दिवशी ती लेकीशी आणखी काही बोलली नाही, आणि रंजीताला तिच्या मागे जायचं धैर्य झालं नाही.

पंडुमाच्या दिवशी सकाळीच सगळं गाव आंब्यांखाली जमलं. गावाचा पुजारी, ज्याला गायता म्हणतात, तो लच्छू पंचाहत्तरीला टेकलेला, सडपातळ आणि फटकळ होता. आंब्यांचे घोस त्याच्यापुढं ठेवले गेले. मंगलीनं पदराची गाठ सोडली आणि घोसांच्या शेजारी बाटली ठेवली.

लच्छूनं ती उचलून सूर्याकडे धरली. "हे कोन्या झाडाचं?"

"झाडाचं नाई भाऊ. दुकानातलं. पोरीनं न दाखवता खाल्लं, तिच्या अंगावर उठलं. आता दाखवा."

म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला की दुकानातल्या बिस्किटाचा पंडुम आपण कधी केला नाही. दुसऱ्याचं म्हणणं, बिस्किटानं कोणाच्या अंगावर उठलंही नाही. लच्छू विचार करत राहिला. "नवं ते नवं," तो शेवटी म्हणाला. "पोटात जाते ना? मंग दाखवा लागन." आणि आंब्यांसोबत बाटलीही घेऊन तो पुरुषांबरोबर पेनाच्या जागेकडे निघाला.

पेनाला दाखवलेली वस्तू मग कोणा एकाची राहत नाही, ती साऱ्या गावाची होते. बाटलीत अजून निम्म्याहून जास्त गोळ्या होत्या. तिच्या हिशेबानं गालांपर्यंत पोचायला तेवढ्याच तर हव्या होत्या, आणि दिनेश दुपारपर्यंत येणार होता. तिला आईचा राग आला. इतका राग तिला आईचा कधीच आला नव्हता, आणि त्या रागाची तिला लाजही वाटत होती.

पुरुष परत आले. लच्छूनं पाण्यानं भरलेली मोठी घागर मधोमध ठेवायला लावली आणि बाटली तिच्यात उपडी केली. घागर क्षणभर गप्प राहिली. मग आतून जी सुरसुर उठली, ती ऐकून पुढं सरकलेली पोरं मागं पळाली. केशरी फेस काठावरून ओघळला. बायका तोंडावर हात ठेवून हसू लागल्या.

"लेकराईले नाई द्यायचं," रंजीता पुढं होऊन म्हणाली. "पोटुशी बाईलेही नाई." दुकानातली सवय होती ती. वाटायचं काम मग तिच्याच गळ्यात पडलं. तिनं ऊन लागू नये म्हणून दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि पानांचे द्रोण भरू लागली.

पहिला द्रोण लच्छूचा. त्यानं तो घेतला नाही. "जिच्या घरचं, तिनं आधी."

मंगली पुढं आली. दोन्ही हातांत द्रोण धरून तिनं लेकीकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच रंजीताला सोसवेना. "पानाले पानी घालून काय होते पोरी? मुळाले घाला लागते. तुले रंग माह्यापासूनच तं आला. मीच पेते आधी." आणि तिनं तो एका दमात रिकामा केला.

कोणी हसलं नाही. रंजीताचे हात थांबले. तिला रडू आलं, पण रांगेत माणसं उभी होती, म्हणून ती द्रोण भरत राहिली. सगळ्यांना घोटभरच मिळालं.

मग सगळे सावलीत बसले आणि वाट पाहू लागले. कशाची, हे कोणी कोणाला विचारलं नाही. ऊन माथ्यावर आलं होतं. वारा पडला होता. आंब्याच्या पानांतून उजेडाचे लहान लहान कवडसे माणसांच्या तोंडावर पडत आणि सरकत. जो तो शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता. एरवी कोण कोणाकडे इतका वेळ पाहतं? शेजारच्या बायनाबाईच्या हनुवटीवर निळं गोंदण आहे, ते रंजीतानं आज नीट पाहिलं. लच्छूच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, कधी झाल्या कोण जाणे. बोलणं थांबलं होतं, मोहाच्या वासानं डोळे जड झाले होते, आणि सगळं गाव एकाच झोपेत शिरल्यासारखं शांत होतं.

"कोनी उजळलं का?" बऱ्याच वेळानं बायनाबाईनं विचारलं.

लच्छूनं सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. "मले तं सगळे वळखू येऊन राह्यले," तो म्हणाला. तेव्हा कुठं हशा पिकला.

त्या हशातच मोटारसायकल आली. धुळीनं माखलेला एक तरुण उतरला, गाडी झाडाला टेकवली आणि उन्हातून डोळे बारीक करत इकडे-तिकडे पाहू लागला. रंजीतानं त्याला ओळखलं. तो फोटोतल्यासारखाच होता, फक्त थकलेला होता. तो सरळ घागरीकडे आला, कारण पाणी तिथं होतं, आणि पाण्याशी ती होती.

"बाई, जरा पानी देता का?" तो म्हणाला. "आन रंजीताचं घर कोनतं होय?"

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. नीट, समोरून पाहिलं होतं, आणि तरी विचारलं होतं. ज्याची वर्षभर भीती होती ते असं येईल, इतकं साधं, असं तिला वाटलं नव्हतं. ती बोलली नाही. बोलली की आवाजावरून ओळखेल. घर दाखवून बाजूला व्हावं, रानात निघून जावं, संध्याकाळी फोन करून सांगावं की मामाकडे गेली होती. एवढं सगळं एका क्षणात तिच्या मनात येऊन गेलं. तिनं घागर कलती करून तळाशी राहिलेलं केशरी पाणी द्रोणात ओतलं आणि त्याला दिलं.

तो प्याला. "गोड हाये. काय होय हे?"

समोर मंगली बसली होती. ती लेकीला डोळ्यांनीच सांगत होती की नको सांगू, राहू दे, मी बोलते काही तरी. ती उठूही लागली होती. आपली आई आपल्यासाठी खोटं बोलायला निघाली आहे, आपला रंग लपवायला, म्हणजे स्वतःचाच, हे रंजीताच्या लक्षात आलं, आणि तिच्यानं राहवेना.

"रंग उजळाची दवा," ती म्हणाली.

दिनेशचा हात तोंडाशीच थांबला. त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आधी ओळख आली, मग गोंधळ आला, आणि मग क्षणभर काही तरी विझल्यासारखंही झालं. ते तिनं पाहिलं आणि तिला लागलं.

"फोटोत..." तो म्हणाला.

"फोटोत फोन तसा करते. मी अशीच हाये." तिनं डोक्याचा दुपट्टा सोडला आणि मंगलीचा हात धरून तिला आपल्या शेजारी उभं केलं. "हे माझी माय. मी मायवर गेली."

मंगलीनं हात सोडवायचा प्रयत्न केला. रंजीतानं तो सोडला नाही.

दिनेश द्रोणाकडे पाहत उभा राहिला. एकदा त्यानं मागं वळून गाडीकडेही पाहिलं. "मंग वर्षभर मी बोलून राह्यलो," त्यानं अखेर विचारलं, "ते कोनाशी?"

"माझ्याशी."

"मशीन बिघडलं होतं, रातभर वावरात होतो, तवा?"

"मीच होती."

मग माणसांच्या रांगेत लच्छूच्या बाजूला जागा होती, तिथं जाऊन त्यानं मांडी घातली आणि रिकामा द्रोण पुढं धरला.

"मंग वाढ," तो म्हणाला. "भूक लागली."

रंजीतानं वर्षाचा पहिला आंबा चिरला. पहिली फोड तिनं मंगलीच्या हातावर ठेवली, आणि मग त्याला वाढायला गेली.